जुन्या गॅस सिलिंडरची विल्हेवाट

जुन्या गॅस सिलिंडरची विल्हेवाट म्हणजे वापरातून बाद झालेल्या, तपासणीत अपात्र ठरलेल्या अथवा बेवारस पडलेल्या सिलिंडरमधील उरलेला वायू सुरक्षितपणे काढून घेणे, ते सिलिंडर पुन्हा भरण्यास कायमचे निरुपयोगी करणे आणि त्याचा धातू पुनर्वापरासाठी वेगळा करणे, ही प्रक्रिया होय. स्वयंपाकाचा गॅस (एलपीजी), ऑक्सिजन, ॲसिटिलीन, क्लोरीन, शीतकरण वायू, नैसर्गिक वायू इत्यादी वायूंसाठी वेगवेगळ्या प्रकारचे सिलिंडर वापरले जातात. प्रत्येकाचा धोका निराळा असल्यामुळे त्यांच्या विल्हेवाटीची पद्धतही निराळी असते.

भारतात दाबयुक्त वायूच्या सिलिंडरची निर्मिती, भरणा, तपासणी आणि नाश यांचे नियमन गॅस सिलिंडर नियम, २०१६ अन्वये होते. या नियमांची अंमलबजावणी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना (पेसो) करते. या संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. घरगुती गॅस सिलिंडर ही ग्राहकाची नव्हे तर तेल कंपनीची मालमत्ता असल्याने ते भंगारात विकणे, कापणे किंवा त्यापासून दुसरी वस्तू बनवणे ग्राहकाच्या अधिकारात येत नाही.

## पार्श्वभूमी

भारतात स्वयंपाकाच्या गॅसची विक्री १९५५ च्या सुमारास मुंबईत बर्मा शेल कंपनीने सुरू केली. १९६५ मध्ये इंडियन ऑइलने कोलकाता येथून इंडेन हा गॅस बाजारात आणला. आज इंडेन, भारतगॅस आणि एचपी गॅस या सार्वजनिक क्षेत्रातील तीन कंपन्यांच्या नावांनी देशभर सिलिंडर वितरित होतात. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेनंतर ग्रामीण भागातही सिलिंडरचा वापर मोठ्या प्रमाणात वाढला.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. याखेरीज ५ किलोचे लहान, तर १९ आणि ४७.५ किलोचे व्यावसायिक सिलिंडर प्रचलित आहेत. १४.२ किलोच्या सिलिंडरची जलधारणक्षमता सुमारे ३३.३ लीटर असून रिकामे वजन साधारणतः १५ ते १६ किलो भरते. हे वजन प्रत्येक सिलिंडरवर कोरलेले असते.

सिलिंडर नकोसा होण्याची कारणे अनेक आहेत. शहरांत नळाद्वारे नैसर्गिक वायू आल्यावर घरातील सिलिंडर परत करावे लागतात. कुटुंबाचे स्थलांतर, जोडणीधारकाचा मृत्यू किंवा कागदपत्रे गहाळ होणे यांमुळेही अनेक सिलिंडर माळ्यावर, अंगणात किंवा गोठ्यात वर्षानुवर्षे पडून राहतात. बंद पडलेले कारखाने, वेल्डिंगची दुकाने, पाणी शुद्धीकरण केंद्रे आणि रुग्णालये यांतून औद्योगिक व वैद्यकीय वायूंचे सिलिंडर मागे राहतात.

## रिकाम्या सिलिंडरचा धोका

शेगडीची ज्योत विझली म्हणजे सिलिंडर रिकामा झाला, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्या वेळी सिलिंडरमधील दाब बाहेरील हवेच्या दाबाच्या जवळपास आलेला असतो, एवढेच. सिलिंडरची संपूर्ण पोकळी अद्याप वायूच्या बाष्पाने भरलेली असते. तळाशी सहजासहजी न उकळणारा थोडा जड द्रवही उरलेला असू शकतो. सिलिंडर उन्हात तापल्यावर या द्रवाचे बाष्प होऊन दाब पुन्हा वाढतो.

१४.२ किलोच्या सिलिंडरच्या सुमारे ३३ लीटर पोकळीत वातावरणीय दाबाला साधारण ७० ग्रॅम वायू राहतो. एलपीजीचे बाष्प हवेत अंदाजे १.८ ते ९.५ टक्के या प्रमाणात मिसळलेले असताना पेट घेते. त्यामुळे ‘रिकाम्या’ सिलिंडरमधील वायू हवेत मिसळल्यास एक हजार लीटरहून अधिक ज्वलनशील मिश्रण तयार होऊ शकते. हे बाष्प हवेच्या तुलनेत दीडपट ते दुप्पट जड असल्याने ते वर न जाता जमिनीलगत पसरते आणि तळघर, गटार, खड्डा अशा सखल जागी साचते. ठिणगी दूर असली तरी ते तिथपर्यंत पोहोचू शकते.

झडप उघडी ठेवून दिलेला सिलिंडर सुरक्षित असतो, हा समजही चुकीचा आहे. उघड्या झडपेतून हवा हळूहळू आत शिरते आणि आतील वायू पेट घेण्याच्या प्रमाणात येतो. अशा सिलिंडरवर गॅस कटर, ग्राइंडर किंवा वेल्डिंगची ज्योत लागल्यास स्फोट बंदिस्त जागेत होतो आणि पत्र्याचे तुकडे दूरवर फेकले जातात. भंगाराच्या दुकानात सिलिंडर कापणाऱ्या कामगारांना सर्वाधिक धोका याच कारणाने असतो.

वास येत नाही म्हणून वायू नाही, असेही मानता येत नाही. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. जुन्या सिलिंडरच्या आतील गंज हे द्रव्य शोषून घेतो किंवा त्याचे ऑक्सिडीकरण करतो. परिणामी वास मंदावतो. वायू मात्र तसाच राहतो. याच्या उलट, वायू निघून गेल्यानंतरही पत्र्याला व रंगाला वास चिकटून राहू शकतो. म्हणून वायू आहे की नाही हे वायुमापक उपकरणानेच ठरवावे लागते.

आगीत सापडलेल्या सिलिंडरचा धोका वेगळ्या स्वरूपाचा असतो. आतील द्रव उकळून दाब वाढतो, तर बाहेरच्या ज्वाळांनी पत्रा मऊ पडतो. पत्रा फाटल्यावर सर्व द्रवाचे एकाच वेळी बाष्प होऊन प्रचंड अग्निगोल तयार होतो. भंगारात विकलेले बंद सिलिंडर न कापता थेट भट्टीत टाकल्यासही स्फोट होतो. आत ज्वलनशील वायू नसला आणि केवळ पाणी साठलेले असले, तरी त्याची क्षणार्धात वाफ होऊन वितळलेला धातू बाहेर उसळतो.

## कायदेशीर चौकट

१९३८ मध्ये सिलिंडरमधील दाबयुक्त वायूला भारतीय स्फोटके अधिनियम, १८८४ च्या कक्षेत आणण्यात आले आणि त्यानुसार गॅस सिलिंडर नियम, १९४० तयार झाले. त्यांची जागा पुढे १९८१, २००४ आणि २०१६ च्या नियमांनी घेतली. या नियमांतील जुन्या सिलिंडरशी संबंधित प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत:

- ठरलेल्या मुदतीत तपासणी न झालेला सिलिंडर भरता येत नाही.
- तपासणीत अपात्र ठरलेला सिलिंडर सपाट चेपून, अथवा तुकडे पुन्हा जोडून सिलिंडर बनवता येणार नाही अशा रीतीने कापून नष्ट करावा लागतो.
- तपासणी व नाश यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात.
- एका वायूसाठी मंजूर असलेला सिलिंडर सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीविना दुसऱ्या वायूसाठी वापरता येत नाही.
- सांधा नसलेल्या उच्च दाबाच्या सिलिंडरची वेल्डिंगने दुरुस्ती करण्यास मनाई आहे. सांधे असलेल्या सिलिंडरची दुरुस्ती केवळ उत्पादक किंवा मान्यताप्राप्त कार्यशाळाच करू शकते.

एलपीजीच्या बाबतीत अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ अन्वये काढलेला द्रवरूप पेट्रोलियम वायू (पुरवठा व वितरण विनियमन) आदेश, २००० हाही लागू होतो. या आदेशानुसार अनधिकृतपणे सिलिंडर बाळगणे, एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस भरणे आणि घरगुती सिलिंडरचा अन्य कामासाठी वापर करणे प्रतिबंधित आहे.

## मालकी आणि सिलिंडर परत करणे

नवी जोडणी घेताना ग्राहक जी रक्कम भरतो, ती सिलिंडर आणि रेग्युलेटर यांची किंमत नसून परत मिळण्याजोगी अनामत असते. तिची नोंद जोडणीच्या वेळी मिळणाऱ्या सबस्क्रिप्शन व्हाउचरवर केलेली असते. जोडणी बंद करताना हे व्हाउचर, सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा केल्यावर समाप्तीचे व्हाउचर मिळते आणि अनामत परत दिली जाते. व्हाउचर हरवले असल्यास वितरक विहित नमुन्यात प्रतिज्ञापत्र घेतो.

भंगारवाला सिलिंडरला लोखंडाचा भाव देतो, तर वितरकाकडे अनामत परत मिळते. त्यामुळे सिलिंडर भंगारात देण्यात ग्राहकाचा कायदेशीर धोका तर आहेच, शिवाय आर्थिक नुकसानही होते. ज्या ग्राहकाकडे कोणतेच कागद नाहीत, त्यालाही सिलिंडर वितरकाकडे सोपवता येतो. सिलिंडर कोणत्या कंपनीचा आहे हे त्याच्यावरील नाव, अनुक्रमांक व खुणांवरून ओळखता येते.

अनेक देशांत हीच पद्धत आहे. ब्रिटनमध्ये मोठ्या पुरवठादारांचे सिलिंडर कंपनीच्याच मालकीचे राहतात आणि ते परत करण्याची सोय असते. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत मात्र लहान सिलिंडर ग्राहक विकतही घेतात. तेथे मुदत संपलेला सिलिंडर बदलून देणारी विक्री केंद्रे किंवा नगरपालिकेची संकलन केंद्रे यांच्याकडे तो द्यावा लागतो.

## नियतकालिक तपासणी

### मुदतीची खूण

घरगुती सिलिंडरच्या मुठीखाली असलेल्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतील बाजूस ‘ए’, ‘बी’, ‘सी’, ‘डी’ यांपैकी एक रोमन अक्षर आणि वर्षाचे दोन अंक लिहिलेले असतात. त्यांचा अर्थ पुढीलप्रमाणे आहे:

- ए – जानेवारी ते मार्च
- बी – एप्रिल ते जून
- सी – जुलै ते सप्टेंबर
- डी – ऑक्टोबर ते डिसेंबर

उदाहरणार्थ, ‘बी २८’ असे लिहिलेल्या सिलिंडरची पुढील तपासणी जून २०२८ अखेरपर्यंत व्हावयास हवी. ही खूण सिलिंडर फेकून देण्याची तारीख नाही. ती त्याच्या पुढील तपासणीची तारीख आहे. तपासणीत पात्र ठरलेल्या सिलिंडरवर नवी तारीख घालून तो पुन्हा वापरात येतो. मुदत उलटलेला सिलिंडर घरी आल्यास ग्राहक तो नाकारू शकतो.

### तपासणीची पद्धत

घरगुती सिलिंडर भारतीय मानक आयएस ३१९६ नुसार, त्याची झडप आयएस ८७३७ नुसार आणि रेग्युलेटर आयएस ९७९८ नुसार तयार होतात. वापरलेल्या सिलिंडरची तपासणी व नूतनीकरण यांसाठी आयएस १३२५८ हे मानक आहे. नव्या सिलिंडरची पहिली वैधानिक तपासणी १० वर्षांनी आणि त्यानंतरची दर ५ वर्षांनी होते. तपासणीचे टप्पे साधारणतः असे असतात:

1. बॉटलिंग प्रकल्पात उरलेला द्रव व बाष्प बंद नळीव्यवस्थेतून काढून घेतले जाते.
2. आत वायू उरला नसल्याची खात्री करून झडप काढली जाते.
3. खोल ओरखडे, पोचे, फुगवटा, गंजाचे खड्डे, आगीच्या खुणा, तसेच मूठ व तळकडे यांची अवस्था डोळ्यांनी पाहिली जाते.
4. सिलिंडर पाण्याने भरून प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे २५ किलो इतक्या दाबाखाली तपासला जातो.
5. पात्र सिलिंडर सुकवून, जुना रंग घासून काढून पुन्हा रंगवला जातो, नवी झडप बसवली जाते आणि रिकामे वजन नव्याने नोंदवले जाते.

दाबाच्या चाचणीसाठी हवेऐवजी पाणी वापरण्यामागे सुरक्षिततेचे कारण आहे. दाबलेल्या हवेत मोठी ऊर्जा साठते आणि पात्र फुटल्यास ती स्फोटासारखी मुक्त होते. पाणी फारसे आकुंचन पावत नसल्याने पात्र फुटले तरी दाब तत्काळ नाहीसा होतो.

इतर वायूंच्या सिलिंडरसाठी मुदती वेगळ्या आहेत. ऑक्सिजन, नायट्रोजन यांसारख्या वायूंच्या पोलादी सिलिंडरची तपासणी दर ५ वर्षांनी, वाहनातील नैसर्गिक वायूच्या (सीएनजी) टाकीची दर ३ वर्षांनी, तर क्लोरीनसारख्या क्षरणकारक वायूच्या सिलिंडरची दर २ वर्षांनी करावी लागते.

## बाद सिलिंडर नष्ट करण्याची पद्धत

अपात्र सिलिंडर नष्ट करताना क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम वायू काढणे, नंतर आतील पोकळी वायुमुक्त करणे, मग झडप काढणे आणि सर्वांत शेवटी धातू चेपणे किंवा कापणे, असा हा क्रम आहे. सिलिंडर कापणीच्या दुकानांतील अपघातांत बहुधा यांतील पहिले दोन टप्पे वगळलेले असतात.

वायुमुक्त करण्यासाठी नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू आत सोडणे, वाफ सोडणे किंवा सिलिंडर पाण्याने काठोकाठ भरणे, या पद्धती वापरल्या जातात. पाणी भरल्याने सर्व बाष्प बाहेर ढकलले जाते, मात्र ते मोकळ्या जागी व ठिणगीपासून दूर सोडावे लागते. सिलिंडर अर्धवट भरल्यास वरच्या पोकळीत वायू राहतोच. पाणी ओतून टाकल्यानंतर सिलिंडर बराच काळ तसाच ठेवल्यास गंजाच्या थरात व सांध्यांत अडकलेल्या जड द्रवाचे पुन्हा बाष्प होऊ शकते. म्हणून कापण्याच्या लगेच आधी वायुमापकाने पुन्हा तपासणी केली जाते. शक्य तेथे ज्योतीऐवजी थंड कापणी, म्हणजे यांत्रिक कातरी किंवा दाबयंत्र, वापरतात.

झडप पितळी असल्याने ती वेगळी विकली जाते. दाब शिल्लक असलेल्या सिलिंडरची झडप पान्याने उघडण्याचा प्रयत्न केल्यास ती गोळीसारखी सुटते आणि वायूचा लोट बाहेर पडतो. भंगारात पितळाला लोखंडाच्या कित्येक पट भाव मिळतो. त्यामुळे केवळ झडपेच्या लोभाने सिलिंडर उघडण्याचे प्रकार घडतात.

चेपलेले पोलाद भट्टीत वितळवून त्यापासून पुन्हा पोलाद बनवले जाते. महाराष्ट्रात जालना हे भंगार वितळवून सळया तयार करणाऱ्या पोलाद उद्योगाचे मोठे केंद्र आहे. पोलादाची गुणवत्ता न घटता ते अनेकदा वितळवता येत असल्याने, सुरक्षितपणे निकामी केलेला सिलिंडर हा उत्तम कच्चा माल ठरतो.

## वायूनुसार विशेष बाबी

### ऑक्सिजन
ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण ज्वलनाला जोर देतो. त्याच्या दाबयुक्त झोतात तेल किंवा ग्रीस आपोआप पेट घेऊ शकते. म्हणून झडपेला तेलकट हात वा पान्याचा स्पर्श वर्ज्य मानला जातो. उरलेला ऑक्सिजन मोकळ्या हवेत सावकाश सोडता येतो. तो बंद खोलीत सोडल्यास कपडे व केसही सहज पेट घेण्याजोगे होतात.

### ॲसिटिलीन
वेल्डिंगच्या दुकानातील ॲसिटिलीनचा सिलिंडर आतून पोकळ नसतो. त्यात सच्छिद्र पदार्थ ठासून भरलेला असून त्यात मुरवलेल्या ॲसिटोनमध्ये वायू विरघळलेला असतो. त्यामुळे दाबमापक शून्य दाखवत असतानाही आत बराच वायू असू शकतो. पाणी भरून तो वायुमुक्त करता येत नाही. काही जुन्या सिलिंडरमधील सच्छिद्र पदार्थात आरोग्यास घातक ॲस्बेस्टॉस असते. असे सिलिंडर वायू पुरवठादाराकडे परत देणे हाच योग्य मार्ग समजला जातो. आगीत तापलेला ॲसिटिलीन सिलिंडर ज्वाळा विझल्यानंतरही आतल्या आत विघटित होत राहतो. म्हणून तो दीर्घकाळ पाण्याने थंड करावा लागतो.

### क्लोरीन
पाणी शुद्धीकरणासाठी वापरला जाणारा क्लोरीन विषारी असून हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो. कोरडा क्लोरीन पोलादाला फारसा अपाय करत नाही, पण ओलावा मिळताच तीव्र क्षरण सुरू होते. याच कारणाने गळणाऱ्या क्लोरीन सिलिंडरवर पाणी मारत नाहीत. तसे केल्यास आम्ल तयार होऊन छिद्र मोठे होते. गळणारा वायू कॉस्टिक सोडा किंवा चुन्याच्या द्रावणात सोडून निष्प्रभ केला जातो.

### शीतकरण वायू
वातानुकूलक व शीतकपाटांतील वायू एकदाच वापरावयाच्या डब्यांतूनही मिळतात. त्यातील उरलेला वायू हवेत सोडल्यास ओझोन थराची हानी होते किंवा जागतिक तापमानवाढीत भर पडते. तो यंत्राने ओढून घेऊन मगच डबा भंगारात देणे अपेक्षित असते. युरोपीय संघाने फ्लोरीनयुक्त शीतकरण वायूंच्या अशा एकवापर डब्यांवर २००७ मध्ये बंदी घातली.

### सीएनजी
वाहनातील टाकीत नैसर्गिक वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. हा दाब घरगुती सिलिंडरमधील दाबाच्या अनेक पट आहे. वाहन मोडीत काढताना सर्वप्रथम टाकी रिकामी करून वेगळी काढावी लागते. एका वाहनातील जुनी टाकी तपासणीशिवाय दुसऱ्या वाहनात बसवणे धोकादायक आहे.

### संमिश्र सिलिंडर
इंडियन ऑइलने २०२१ मध्ये प्लॅस्टिकचे अस्तर आणि काचतंतूंचे वेष्टन असलेले ५ व १० किलोचे हलके सिलिंडर आणले. ते गंजत नाहीत, पण पोलादाप्रमाणे वितळवून त्यांचा पुनर्वापर करता येत नाही. त्यातील काचतंतू व राळ वेगळी करणे कठीण असते.

### लहान डबे
सहलीच्या शेगडीचे ब्यूटेनचे डबे, फवाऱ्याचे डबे आणि नायट्रस ऑक्साइडच्या बाटल्या घरगुती कचऱ्यात टाकल्यास कचरा दाबणाऱ्या गाडीत किंवा ज्वलनभट्टीत फुटतात. ब्रिटन, फ्रान्स आणि नेदरलँड्स येथे नायट्रस ऑक्साइडच्या मोठ्या बाटल्यांच्या स्फोटांमुळे कचरा ज्वलन प्रकल्पांचे नुकसान झाले आहे.

## शिवडी येथील क्लोरीन गळती

बेवारस सिलिंडर किती घातक ठरू शकतात, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे १४ जुलै २०१० रोजी मुंबईतील शिवडी येथे झालेली क्लोरीन गळती. हाजी बंदर परिसरात मुंबई पोर्ट ट्रस्टच्या आवारात आयात केलेले क्लोरीनचे सिलिंडर कोणी न नेल्यामुळे अनेक वर्षे पडून होते. समुद्रालगतच्या दमट, खाऱ्या हवेत गंजलेल्या सिलिंडरमधून वायू बाहेर पडला. शंभराहून अधिक लोकांना श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत जवळच्या नौकानयन महाविद्यालयाचे विद्यार्थी, बंदरातील कामगार आणि मदतीस धावलेले अग्निशमन दलाचे जवान यांचा समावेश होता.

बंदरे, सीमाशुल्क गोदामे आणि बंद कारखाने येथे पडून असलेल्या सिलिंडरची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न या घटनेने पुढे आणला. आयातदार माल सोडवून घेत नाही, गोदामाच्या व्यवस्थापनाकडे वायू हाताळण्याची साधने नसतात आणि लिलावात असा माल विकत घेणारा सहसा मिळत नाही. या काळात सिलिंडरची तपासणीची मुदत उलटून जाते आणि दरवर्षी तो हलवणे अधिक जोखमीचे होत जाते.

## पुनर्वापर

### वायूबदल
तपासणीत पात्र ठरलेला सिलिंडर पुन्हा त्याच वायूसाठी वापरणे हा पुनर्वापराचा सर्वांत सोपा व सुरक्षित प्रकार होय. दुसऱ्या वायूसाठी तो वापरावयाचा झाल्यास आतील स्वच्छता, झडप, रंग आणि खुणा हे सर्व बदलावे लागते. कोविड-१९ च्या साथीत ऑक्सिजन सिलिंडरची तीव्र टंचाई निर्माण झाली, तेव्हा केंद्र सरकारने नायट्रोजन व अरगॉन या निष्क्रिय वायूंचे सिलिंडर शुद्धीकरणानंतर वैद्यकीय ऑक्सिजनसाठी वापरण्यास परवानगी दिली. ज्वलनशील वायूंच्या सिलिंडरला अशी मुभा नव्हती, कारण त्यात उरलेला ज्वलनशील अंश ऑक्सिजनच्या संपर्कात आल्यास स्फोट होऊ शकतो.

### वाद्ये, घंटा व कलाकृती
सिलिंडर विकत मिळणाऱ्या देशांत त्यापासून शेगड्या, शेकोटीची पात्रे, कुंड्या व वाद्ये बनवली जातात. २००७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथील डेनिस हॅव्हलेना यांनी प्रोपेनच्या टाकीच्या तळाला जिभेसारख्या चिरा पाडून ‘हँक ड्रम’ हे वाद्य तयार केले. पुढे प्रसिद्ध झालेल्या पोलादी जिभांच्या ड्रमचे ते एक पूर्वरूप मानले जाते. अशा कामांसाठी न वापरलेली, कधीही वायू न भरलेली टाकी घेणे हा सर्वांत सुरक्षित पर्याय असतो.

ऑक्सिजन सिलिंडरचा कापलेला तुकडा टांगून त्याची घंटा करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. एव्हरेस्ट शिखरावर गिर्यारोहकांनी टाकून दिलेले ऑक्सिजन सिलिंडर खाली आणून त्यांपासून घंटा व शोभेच्या वस्तू बनवण्यात आल्या आहेत. २०१२ मध्ये नेपाळी कलाकारांनी एव्हरेस्टवरील कचऱ्यापासून घडवलेल्या शिल्पांचे प्रदर्शन काठमांडू येथे भरवले होते. त्यांतही या सिलिंडरचा वापर केलेला होता.

जुन्या सिलिंडरपासून घरच्या घरी चूल, बंब किंवा हवेची टाकी बनवण्याचे प्रयोगही केले जातात. भारतात घरगुती सिलिंडरच्या बाबतीत ते बेकायदेशीर ठरतात. हवेची टाकी म्हणून केलेला वापर विशेष धोकादायक असतो, कारण दाबलेल्या हवेतील पाणी तळाशी साचून पत्रा आतून गंजत जातो आणि बाहेरून त्याचा मागमूस लागत नाही.

## खबरदारी

तेल कंपन्या व सुरक्षा यंत्रणांच्या प्रचलित सूचनांचा सारांश पुढीलप्रमाणे आहे:

- वापरात नसलेल्या सिलिंडरची झडप बंद करून त्यावर सुरक्षा टोपी बसवावी.
- सिलिंडर नेहमी उभा, हवेशीर जागी आणि जमिनीच्या पातळीवर ठेवावा. तळघरात किंवा बंद कपाटात ठेवू नये.
- उरलेला गॅस काढण्यासाठी सिलिंडर आडवा करणे, गरम पाण्यात ठेवणे किंवा तापवणे टाळावे.
- झडपेतील पिन दाबून गॅस हवेत सोडू नये.
- सिलिंडर भंगारात विकू नये, पुरू नये, विहिरीत वा नदीत टाकू नये.
- बेवारस घरगुती सिलिंडर आढळल्यास जवळच्या गॅस वितरकास किंवा पोलिसांना कळवावे.
- अनोळखी, गंजलेला अथवा खुणा पुसलेला औद्योगिक सिलिंडर आढळल्यास तो हलवू नये. लोकांना वाऱ्याच्या उलट दिशेने दूर न्यावे आणि अग्निशमन दलास बोलवावे.
- भंगार व्यावसायिकांनी झडप न काढलेला किंवा न कापलेला सिलिंडर स्वीकारू नये.

एलपीजी गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक देशभर चोवीस तास उपलब्ध आहे. गळतीचा संशय असल्यास विजेचे बटण चालू किंवा बंद न करता दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि बाहेरूनच या क्रमांकावर संपर्क साधावा, अशी सूचना देण्यात येते.

## हेही पहा

- द्रवरूप पेट्रोलियम वायू
- पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना
- भारतीय मानक ब्यूरो
- प्रधानमंत्री उज्ज्वला योजना
- घातक कचरा
- भंगार